बेपत्तांची ओळख : डीएनए काय सांगतो आणि काय सांगत नाही

युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या शोधाविषयी सर्वाधिक रुजलेला समज असा, की जमिनीतून हाड निघाले आणि प्रयोगशाळेत त्याचा डीएनए तपासला की मृताचे नाव कळते. वस्तुतः डीएनए, म्हणजे पेशींतील आनुवंशिक द्रव्य, कोणाचेही नाव सांगत नाही. ते केवळ तुलनेला उपयोगी पडते, आणि त्या तुलनेसाठी मृताचे रक्ताचे नातेवाईक पुढे यावे लागतात. बॉस्निया-हर्झेगोव्हिनात १९९२ ते १९९५ या काळात ३०,००० हून अधिक माणसे बेपत्ता झाली. भूतपूर्व युगोस्लाव्हियातील अशा बेपत्तांच्या शोधासाठी १९९६ मध्ये, ल्यों येथील जी-७ परिषदेच्या वेळी, अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुढाकाराने ‘आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोग’ स्थापन झाला. आई-वडील, भावंडे, अपत्ये यांच्या बोटांतून घेतलेल्या रक्ताचे नमुने या आयोगाने हजारोंच्या संख्येने जमवले, आणि त्यांच्याशी हाडांतील डीएनए ताडून नोव्हेंबर २००१ मध्ये पहिली ओळख पटवली. ती एका पंधरा वर्षांच्या मुलाची होती. तरीही या पद्धतीला एक अडसर राहतोच. दोन अविवाहित भाऊ एकाच वेळी मारले गेले असतील, तर आई-वडिलांच्या रक्तावरून ‘हा यांचा मुलगा’ एवढेच सिद्ध होते. थोरला कोणता आणि धाकटा कोणता, हे हाडांच्या वाढीवरून, उंचीवरून आणि दातांवरून ठरवावे लागते.

एका कबरीत एक पूर्ण सांगाडा मिळतो, हेही बॉस्नियात अनेकदा खरे ठरले नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे सुमारे ८,००० पुरुष व मुलगे मारले गेले, आणि पुरावा लपवण्यासाठी काही आठवड्यांनी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून त्यांतील मृतदेह इतरत्र नेऊन पुरण्यात आले. अशा दुसऱ्या ठिकाणच्या पुरणाला न्यायवैद्यकात दुय्यम कबर म्हणतात. यंत्रांच्या पात्यांनी सांगाडे तुटले आणि एकाच माणसाची हाडे एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या कबरींत विखुरली, म्हणून एका मृतासाठी अनेक हाडांची स्वतंत्र तपासणी करावी लागली. कवटी किंवा मांडीचे हाड हाती आले की दफन उरकावे, की उरलेले अवशेष मिळेपर्यंत थांबावे, हा निर्णय कुटुंबाकडेच राहिला. ज्यांनी आधी दफन केले, त्यांतील काहींच्या कबरी नंतर सापडलेल्या हाडांसाठी पुन्हा उघडाव्या लागल्या.

डीएनए आल्यावर बाकीच्या खुणा निरुपयोगी झाल्या, असेही मानले जाते. ते चूक आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये बहुतेक मृतांची ओळख दातांच्या नोंदी आणि बोटांचे ठसे यांवरून पटली, कारण तेथे तशा नोंदी मिळवणे शक्य होते. आयोग गुन्हेगारांना शिक्षा देतो, हा समजही निराधार आहे. तो न्यायालय नव्हे, मात्र त्याने दिलेले पुरावे हेगच्या युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणात वापरले गेले. शोधाची मूळ जबाबदारी राज्यसंस्थेची असते, आणि बॉस्नियाने २००४ मध्ये बेपत्ता व्यक्तींविषयी स्वतंत्र कायदा करून ती मान्य केली.

सर्वांत अवघड गैरसमज मात्र जुन्या ओळखींविषयीचा आहे. डीएनए तपासणी सुरू होण्यापूर्वी अनेक मृतांची ओळख नातेवाइकांनी कपडे, चपला किंवा खिशातील वस्तू पाहून पटवली होती, आणि ती कायमची निश्चित झाली असे सर्वच धरून चालले. परंतु टंचाईच्या काळात कपडे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात असत, त्यामुळे अशा ओळखींत चुका राहिल्या आणि काही कुटुंबांनी परक्याचे अवशेष आपले मानून पुरले. शवागारांत अजून पडून असलेल्या बेनाम अवशेषांपैकी काही जमवलेल्या कोणत्याच रक्ताशी का जुळत नाहीत, याचे एक कारण येथे आहे. त्यांच्या नातेवाइकांनी शोध संपला असे समजून रक्त दिलेलेच नाही, आणि त्यांच्याकडून ते मागायचे म्हणजे दफन उरकून वर्षे लोटलेल्या कुटुंबाला त्याच्या कबरीविषयीच शंका सांगणे होय.