भूतमातेच्या उत्सवातला नाच

गॅदरिंगला आम्हा मुलींना व्हँपायरचा कॅबरे बसवायचा होता. काळे झगे, पांढरेफटक चेहरे. घरी आजी म्हणाली, "भुतांचं सोंग घेऊन नाचणार? आपल्यात कुठं असतं असलं?" मला उत्तर सुचलं नाही. शोधत बसले, तर ते आमच्या बसवकल्याणातच निघालं.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. बाराव्या शतकात इथं तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. 'मानसोल्लास' त्याचाच; त्यात स्वयंपाकापासून नाचापर्यंत सगळं आहे. पुढं १२५३-५४च्या सुमारास काकतीयांच्या जाय सेनापतीनं 'नृत्तरत्नावली'त लिहून ठेवलं, की कल्याणीत भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेशातली एक बाई गात नाचत होती. सोमेश्वराला तो नाच इतका भावला की त्यानं तो रीतसर बसवला. नाव गोंडली. काही अभ्यासक आपला गोंधळ याच शब्दाशी जोडतात. संबळ, दिवटी, रात्रभराचा जागर. आता नीट बघा त्याच्याकडं!

व्हँपायर मात्र परकाच. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ची. तरी त्याआधी, १८७०मध्ये, रिचर्ड बर्टननं विक्रमाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला व्हँपायरच करून टाकलं. खरं तर आपला वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो. म्हणून आमच्या नाचात व्हँपायर आता मध्येच थांबून प्रेक्षकांना कोडं घालतो.

आजीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाचा मग. पण झगे आखूड शिवा, पायात येतात."