उभ्या गाडीला धक्का लागला, तर भरपाई कोणी द्यायची?

समजा, पुण्यात एखाद्या पेठेत गाडी मागे घेताना आपला बंपर कडेला नीट लावलेल्या गाडीच्या दाराला घासला. उभी गाडी चुकणार तरी कशी? जबाबदारी आपलीच.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "इन्शुरन्स आहे ना तुमचा? मग क्लेम टाका की!" अन्याय होतो तो इथेच. त्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला, की ठरावीक रक्कम खिशातून जाते आणि नो क्लेम बोनसही जातो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के. तो मिळतो 'क्लेम नाही' म्हणून, 'चूक नाही' म्हणून नव्हे. म्हणजे धक्का आपला, आणि सवलत गेली त्यांची!

खरं तर 1988च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा याचसाठी आहे. पण तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. दाराच्या पोच्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

म्हणून नुकसान किरकोळ असेल, तर गॅरेजचं एस्टिमेट घेऊन पैसे आपणच द्यावेत आणि 'हिशेब पूर्ण' असं दोघांच्या सहीने लिहून ठेवावं. मालक जागेवर नसतील, तर फोटो काढून नाव-नंबरची चिठ्ठी वायपरखाली ठेवू. आणि हो, कलम 134प्रमाणे 24 तासांच्या आत पोलिसांना, तसंच विमा कंपनीलाही कळवायचं असतं. गुपचूप निघून जाणं हा गुन्हा ठरू शकतो.