पायडल आपटू नये म्हणून

वरणगावच्या परिसरातून तापीकडे उतरणाऱ्या वाटा सायकलस्वाराची चांगलीच परीक्षा घेतात. नदीकाठची गाळाची माती पावसाच्या पाण्याने कापली जाऊन तिथे घळी पडल्या आहेत. शेतांकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीची, हल्ली ट्रॅक्टरचीही, चाके रुततात. तीच चाकोरी पुढे उन्हाने विटेसारखी कडक होते. अशा वाटेवर समोरचा दगड दिसतो, म्हणून माणूस सावध असतो. दगा देते ते पायडल! पुढचे चाक सुखरूप निघून जाते, आपण निश्चिंतपणे जोर लावतो, आणि नेमके खाली आलेले पायडल काठावर आपटते. सायकल एका अंगाला फेकली जाते, पाय पायडल आणि दगड यांच्यामध्ये चेंगरतो. शेजारी घळ असली, तर मग सांगायलाच नको.

असे का होते, याचा हिशेब अगदी सोपा आहे. पायडलच्या दांड्या, म्हणजे क्रँक, ज्या आसावर फिरतात तो आस जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंच आहे असे धरा. क्रँकची लांबी बहुधा १७० मिलिमीटर असते. ती आणि पायडलची अर्धी जाडी वजा केली, की खाली मोकळी जागा उरते ११५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. आता दोन्ही क्रँक जमिनीला समांतर धरा. दोन्ही पायडले आसाच्या उंचीवर येतात आणि मोकळी जागा वीतभराहून अधिक होते. सायकल तीच, वाटही तीच. फरक पडतो तो पायाच्या जागेने.

म्हणून पहिला नियम असा: पायडल मारायचे नसेल तेव्हा दोन्ही पाय समपातळीत ठेवावेत. उतारावर आणि चाकोरीतून जाताना हे विसरू नये. वळणावर सायकल ज्या बाजूला झुकते, त्या बाजूचे पायडल वर असावे. बांधाच्या किंवा टेकडीच्या उतारावरून आडवे जाताना चढाकडच्या अंगाला जमीन उंच असते, तेव्हा त्या बाजूचे पायडल वर धरावे.

पण चढावर पायडल मारणे थांबवून कसे चालेल? तिथे अर्ध्या फेरीची युक्ती कामी येते. पुढचा पाय थोडा खाली दाबायचा, तळाशी जाण्याआधीच मागे घ्यायचा, आणि पुन्हा दाबायचा. फ्रीव्हील असल्यामुळे मागे फिरवताना चाकाला अडथळा होत नाही. कॅलिफोर्नियातील मरीन भागात १९७६ साली ज्या जुन्या सायकलींवरून तरुण मंडळी डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागली, त्यांपैकी पुष्कळ सायकलींना पायडल मागे दाबले की ब्रेक लागे. तिथे ही युक्ती चालली नसती, बरं का!

दृष्टी पुढच्या चाकाजवळ खिळवू नये, चार-पाच वाव पुढे टाकावी. दगड आधी दिसला, तर तिथे पोचेपर्यंत पाय जुळवून घेता येतो. गिअर असतील तर फार हलका गिअर घेऊ नये. पाय भराभर फिरू लागले, की नेमक्या क्षणी त्यांना आवरणे कठीण जाते.

सायकलीकडेही थोडे लक्ष हवे. टायरमध्ये हवा फार कमी असली, किंवा सस्पेन्शन फार मऊ ठेवले, तर स्वार बसताच आस खाली येतो. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरची क्रँक लावली तर पाच मिलिमीटर मिळतात. तेवढ्याने थोडी मदत होते, पण चुकीच्या वेळी खाली आलेला पाय त्याने वाचत नाही.

सराव मात्र घळीच्या काठावर करू नये. मोकळ्या मैदानात पाच-सहा विटा दोन ओळींत मांडाव्यात, मधून चाक जाईल एवढी वाट ठेवावी, आणि एकाही विटेला पायडल न लागता पार होऊन पाहावे. आठवडाभरात पाय आपोआप समपातळीत येऊ लागतील. मग खुशाल तापीकाठची वाट धरावी.