पहिली गाडी माहेरी निघाली तेव्हा

*जर्मनीत मानहाइम ते श्टुटगार्ट या जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात मोटारीचा जन्म झाला. गाडीवेड्या प्रवाशाने तो कसा पाहावा?*

हायडेलबर्गच्या दक्षिणेला वीस्लोख नावाचं छोटं शहर आहे. तिथे जुन्या औषधाच्या दुकानाची एक इमारत आहे आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेणारी माणसं जगभरातून येतात. त्यांना औषध नको असतं. हे दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप मानलं जातं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ आणि तिची दोन मुलं इथे थांबली आणि त्यांनी लिग्रॉइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरलं जाणारं हे द्रावण तेव्हा औषधविक्रेत्याकडे मिळे. बेर्टाने ते गाडीत ओतलं आणि ती पुढे निघाली.

परदेशी सहलीत आपल्याकडच्या गाडीवेड्याची एक ठरलेली तडजोड असते. घरच्यांसाठी किल्ले, तळी, बर्फाचे डोंगर आणि त्याच्यासाठी अर्धा दिवस एखादं कार म्युझियम. मग तो अर्धा दिवस चकचकीत बॉनेटांचे फोटो काढण्यात जातो. गाड्या पाहून होतात, पण एखादी गाडी तशी का आहे हे काही कळत नाही. ते कळायला काचेपलीकडच्या गाड्यांइतकीच बाहेरची गावं बघावी लागतात. मोटारीचा इतिहास हा मुळात अडचणींचा इतिहास आहे आणि त्यातल्या सुरुवातीच्या बहुतेक अडचणी याच शंभर किलोमीटरांत आल्या आणि सुटल्या.

न विचारता काढलेली गाडी

मानहाइमच्या जुन्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत. चौकोनी ठोकळ्यांना अक्षरं आणि आकडे दिलेले आहेत. टी-६ या ठोकळ्यात कार्ल बेंझचा कारखाना होता. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याला ३७४३५ हा क्रमांक मिळाला. गाडीला चाकं तीन होती, कारण पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवायची कशी हे कोडं त्याला तेव्हा सुटलेलं नव्हतं. इंजिन ९५४ सीसीचं, पण ताकद एका अश्वशक्तीहून कमी. आजच्या स्कूटरसमोरही ते कमीच. वळणाचं कोडं त्याने १८९३ मध्ये सोडवलं, तेव्हा कुठे त्याच्या गाडीला चौथं चाक आलं.

गाडी तयार झाली, तरी गिऱ्हाईक येईना. त्याची बायको बेर्टा हिने लग्नाआधीच स्वतःच्या वाट्याचे पैसे कार्लच्या धंद्यात घातले होते. एके दिवशी पहाटे तिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा वर्षांचा ऑइगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना सोबत घेतलं आणि प्फोर्त्सहाइमचा रस्ता धरला. ते तिचं माहेर. तोवर या गाड्या गावातल्या गावात थोडंफार अंतर जाऊन येत. शंभरेक किलोमीटरचा पल्ला कोणी गाठलेला नव्हता आणि रस्ते होते ते घोडागाड्यांचे.

वाटेत काय काय झालं ते गाडीच्या दृष्टीने ऐकण्यासारखं आहे. इंधनाची नळी तुंबली, ती बेर्टाने टोपीच्या पिनेने साफ केली. प्रज्वलनाची तार उघडी पडली, तिच्याभोवती तिने आपल्या मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउश्लॉट गावच्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात ती हीच. चढावर इंजिन दम सोडी आणि मग मुलांना गाडी ढकलावी लागे. संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. परतल्यावर तिने सांगितलेल्या तक्रारी कार्लने ऐकल्या आणि चढासाठी आणखी एक गिअर बसवला. आज नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपन्या लाखो किलोमीटर चाचण्या घेतात. त्या कामाचा पहिला नमुना म्हणजे हा प्रवास.

हा मार्ग २००८ पासून 'बेर्टा बेंझ स्मृतिमार्ग' म्हणून खुला आहे. जाण्यायेण्याची वाट वेगळी, एकूण १९४ किलोमीटर आणि ठिकठिकाणी पाट्या. महामार्ग टाळून तो द्राक्षमळे आणि लहान गावांमधून जातो. भाड्याच्या गाडीने एका दिवसात होतो, पण वाटेत लाडेनबुर्गसाठी वेळ राखून ठेवायला हवा. बेंझ कुटुंबाचा नंतरचा कारखाना तिथे होता आणि त्याच जागेत आज मोटारींचं संग्रहालय आहे. कार्ल १९२९ मध्ये तिथेच वारला. बेर्टा १९४४ मध्ये गेली, पंच्याण्णवावा वाढदिवस साजरा झाल्यावर दोनच दिवसांनी.

वाटेवर हॉकेनहाइमही लागतं. फॉर्म्युला वनच्या प्रेक्षकांना त्या ट्रॅकची ओळख करून द्यायला नको. सोबत मुलं असतील, तर झिन्सहाइमच्या तंत्रज्ञान संग्रहालयाकडे वाकडी वाट करावी. तिथे छतावर काँकॉर्ड आणि तिचा रशियन प्रतिस्पर्धी टुपोलेव्ह १४४ ही दोन्ही विमानं शेजारी शेजारी उभी आहेत आणि दोन्हींच्या आत शिरता येतं.

बागेतली संशयास्पद खोली

बेंझ मानहाइमला खपत होता, त्याच वर्षांत श्टुटगार्टला लागून असलेल्या कानश्टाटमध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख वेगळंच कोडं सोडवत होते. त्या काळची इंजिनं अवजड होती आणि संथ फिरत. हलकं आणि जलद फिरणारं इंजिन बनलं, तर ते गाडीत, होडीत, कशातही बसवता येईल, हा त्यांचा विचार. डाइमलरने आपल्या बंगल्याच्या बागेतलं काचघर वाढवून तिथे कार्यशाळा थाटली. दिवसरात्र दार बंद आणि आतून धातू ठोकल्याचे आवाज. माळ्याला वाटलं, इथे खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना बोलावलं, अशी हकिकत सांगतात. पोलिसांना आत फक्त अवजारं आणि इंजिनाचे भाग सापडले.

याच खोलीतून १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची मोटारसायकल बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी चारचाकी. ते काचघर आजही उभं आहे आणि आता छोटं स्मारक झालं आहे. दहा-पंधरा मिनिटांत पाहून होतं, पण पुढे जे भव्य दिसणार आहे त्याचं माप इथेच मिळतं. बेंझ आणि डाइमलर यांची आयुष्यात कधी भेट झाली नाही, असं म्हणतात. त्यांच्या कंपन्या मात्र १९२६ मध्ये एक झाल्या.

तिसरा गडी याच शहरातला. रोबर्ट बॉशने १८८६ मध्ये श्टुटगार्टमध्ये आपली छोटी कार्यशाळा उघडली. इंजिनातलं मिश्रण नेमक्या क्षणी पेटवायचं कसं, हा तेव्हाच्या प्रत्येक गाडीवाल्याचा मोठा डोकेदुखीचा विषय होता. त्याच्या कंपनीतल्या गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी तयार केली आणि तो प्रश्न मिटवला. नाशिकच्या वाचकांना हे नाव परकं नाही. सातपूरचा जो कारखाना कित्येक वर्षं 'मायको' म्हणून ओळखला गेला, तो बॉशचाच.

वरून खाली उतरणारं संग्रहालय

इतकं पाहून झाल्यावर मोठ्या संग्रहालयांकडे वळावं. बेंझ आणि डाइमलर यांच्या एक झालेल्या कंपनीचं मर्सिडीज-बेंझ संग्रहालय श्टुटगार्टमध्ये २००६ साली उघडलं. यूएन स्टुडिओ या डच वास्तुविशारदांची ही इमारत आहे. लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे १८८६ मध्ये जायचं आणि एकमेकींत गुंफलेल्या दोन वळणदार वाटांनी खाली उतरत आजच्या काळात यायचं. एका वाटेवर काळाच्या क्रमाने मांडलेली गोष्ट आहे, दुसरीवर विषयवार संग्रह: बस, अग्निशमन, रुग्णवाहिका, नामवंतांच्या गाड्या. एकीवरून दुसरीवर कुठेही जाता येतं. १६० वाहनं आहेत. घाई केली, तरी अर्धा दिवस जातो.

इथे फार मिरवणाऱ्या गाड्यांत ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे आहे. अशा दोनच गाड्या बनल्या. त्यातली एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, दुसरी कंपनीने स्वतःकडे ठेवली. तिच्याभोवती गर्दी असते ती असतेच. पण अडचणींचा माग काढत आलेल्याने १९५९ ची मागे पंखांसारखे कोन असलेली सेडान शोधावी. बेला बारेनी या अभियंत्याचा विचार तिच्यात पहिल्यांदा उतरला. अपघातात गाडी अभंग राहण्यापेक्षा तिचं नाक आणि शेपूट चेपत जाऊन धक्का जिरवावा आणि मधला माणसांचा भाग तेवढा घट्ट राहावा. आज आपल्याकडे क्रॅश टेस्टच्या ताऱ्यांवर चर्चा होते, तिचं मूळ इथे आहे. १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून एस क्लासमध्ये एबीएस आणलं, तेही याच शहरातून.

पोर्शे संग्रहालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्सुफेनहाउझेनमध्ये आहे. २००९ मध्ये उघडलेली ही पांढरी इमारत तीन खांबांवर अशी तोललेली आहे की खालून चालताना ती हवेत असल्यासारखी वाटते. गाड्या ऐंशीच्या आसपास. खरी गंमत मात्र प्रवेशाजवळ, काचेपलीकडच्या कार्यशाळेत आहे. संग्रहातल्या जुन्या गाड्या तिथे दुरुस्त होतात आणि पुन्हा रस्त्यावर, शर्यतींत धावतात. त्यामुळे एखाद्या दिवशी आपल्याला हवी असलेली गाडी जागेवर नसते. ती बाहेर गेलेली असते! सध्या जोरात असलेल्या विजेच्या गाड्यांच्या चर्चेत ज्यांना रस आहे, त्यांनी फर्डिनांड पोर्शेचं तरुणपणातलं काम आवर्जून पाहावं. १९०० च्या सुमारास तो विजेवर आणि पेट्रोल-वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या बनवत होता.

एक सावधगिरी. कंपनीच्या संग्रहालयात कंपनीच्या बाजूने सांगितलेली गोष्ट असते. मोटारीचा शोध एका दिवसात, एकाच माणसाला लागला नाही. व्हिएन्नात राहणाऱ्या सिगफ्रीड मार्कुस या ज्यू संशोधकाने पेट्रोलवर चालणारं वाहन बनवलं होतं. १९४० मध्ये नाझी राजवटीने कोशकारांना त्याचं नाव काढून बेंझ आणि डाइमलर यांची नावं घालायला लावली. त्याची गाडी व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. बेंझची मूळ तीनचाकीही श्टुटगार्टमध्ये नसून म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात आहे. हे माहीत असलं, की काय अस्सल आणि काय प्रतिकृती, हे विचारायची सवय लागते.

जाण्याआधी

हा पट्टा तीन दिवसांत नीट होतो. एक दिवस मानहाइम, लाडेनबुर्ग आणि स्मृतिमार्ग, एक दिवस कानश्टाट आणि मर्सिडीज, तिसरा पोर्शे आणि उरलेलं. दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार वाटेत घालवावा. श्टुटगार्टमध्ये गाडी लागत नाही. मर्सिडीजसाठी लोकल रेल्वेच्या एस-१ मार्गावर नेकारपार्क स्थानक आणि पोर्शेसाठी एस-६ वर थेट संग्रहालयासमोरचं स्थानक आहे.

स्मृतिमार्गावर गाडी चालवायची, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून ठेवावा. वाहतूक उजवीकडून आणि गिअर उजव्या हाताला, ही सवय तासाभरात होते. खरा घोटाळा गावातल्या चौकांत होतो. पाटी किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. महामार्गावर सगळीकडे वाटेल तो वेग, हा समजही सोडावा. जिथे मर्यादा नाही, तिथेही १३० ची शिफारस आहे आणि उजवीकडून ओव्हरटेक करणं गुन्हा आहे.

वेळ उरला तर शहराच्या पश्चिमेला झोलिट्यूड इथे एक फेरी मारावी. ११.४ किलोमीटरच्या या रस्त्यावर १९६० च्या दशकापर्यंत शर्यती होत. आज तो साधा सार्वजनिक रस्ता आहे. वळणं मात्र तीच आहेत.

श्टुटगार्टचं आणि मुंबईचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे. मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात पाऊल ठेवलं तेही पुण्यात आणि आता तिचा कारखाना चाकणला आहे. म्हणजे पुणे-नाशिक महामार्गाच्या एका टोकाजवळ बेंझ आणि डाइमलर यांचे वारसदार आहेत, दुसऱ्या टोकाला बॉश. जर्मनीतल्या त्या शंभर किलोमीटरांची नावं आपल्याकडे साधारण दुप्पट अंतरावर मांडलेली आहेत. खेड घाटात ट्रकमागे अडकलो, की चढासाठी आणखी एक गिअर का लागला हे कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही. त्या वाटेवर स्मृतिमार्गाच्या पाट्या तेवढ्या लागायच्या आहेत.