श्रवणयात्रा : तबकडीवरचा नामा

गीतरामायणाच्या उत्तरार्धाचा जो वायदा गेल्या आठवड्यात केला होता, तो तूर्त तहकूब करीत आहे. सेतू बांधून होईपर्यंत वानरसेनेलाही समुद्रतीरावर मुक्काम करावा लागलाच होता, तेव्हा वाचकांनी आठ दिवस कळ सोसण्यास हरकत नसावी. शिवाय ह्या मुक्कामाचे कारण मी निर्माण केलेले नाही. कळमनुरीहून एका वाचकांचे पोस्टकार्ड आले असून त्यात क्षेमकुशलाचे सारे सोपस्कार गाळून एकच पृच्छा केली आहे : पंडित भीमसेन जोशी ह्यांच्या अभंगवाणीत आपल्या नरसीच्या नामदेव महाराजांचे जे अभंग आहेत, ते महाराज स्वतः त्याच चालीवर म्हणत असतील काय? ‘नाही’ एवढेच उत्तर लिहून मोकळे होता आले असते आणि युद्धकांडही वेळेवर सुरू झाले असते. परंतु ज्या प्रश्नाने आपणांस कित्येक वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही तोच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावा आणि आपण त्याला दोन अक्षरांत वाटेला लावावे, हे माझ्याच्याने होण्यासारखे नाही.

प्रथम दप्तरात काय आहे ते पाहू. नामदेव महाराजांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. त्यांच्या नावावरची जी गाथा आज छापून मिळते तीत शब्द आहेत, चरण आहेत, शेवटी नाममुद्रा आहे. स्वर मात्र कोठेच नाहीत. अभंगाचा छंद अक्षरांच्या संख्येवर उभा आहे : मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, लहान अभंगात आठ आणि आठ अक्षरांचे दोन. एवढ्या मोजणीवरून टाळ कोठे वाजेल ह्याचा अदमास बांधता येतो. गळा कोठे चढेल आणि कोठे उतरेल, ह्याविषयी तो छंद मौन पाळतो. त्यात पुन्हा गाथेतला प्रत्येक ‘नामा’ नरसीचाच असेल ह्याची हमी कोणी देत नाही. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला आणि त्याची, तशीच इतरही नाम्यांची, रचना ह्या गाथेत मिसळली असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. जेथे शब्दांच्या मालकीचा निवाडा इतका बिकट, तेथे स्वरांचा दावा कोणत्या कचेरीत दाखल करावा?

तबकडीवर जी चाल आहे तिचा मालक मात्र निश्चित आहे. ‘तीर्थ विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग राम फाटक ह्यांनी अहीर भैरवात बांधला. गेल्या खेपेस गीतरामायणाच्या निमित्ताने पुणे आकाशवाणीचा उल्लेख विस्ताराने येऊन गेला आहे. फाटकही त्याच केंद्राच्या परिवारातले, आणि ‘स्वरचित्र’ नामक कार्यक्रमासाठी बांधलेल्या त्यांच्या चालींनी मराठी सुगम संगीताची श्रीमंती वाढविली. सरकारी खात्यातून इतके सुरेल काम एकदा नव्हे तर वारंवार बाहेर पडले, ही गोष्ट आजच्या पिढीला कपोलकल्पित वाटण्याचा संभव आहे. पण गदिमा आणि बाबूजींचे रामायण १९५५ सालच्या रामनवमीला तेथूनच सुरू झाले, आणि फाटकांच्या चालींचेही माहेर तेच.

ह्या अभंगात संगीतकारापुढे एक चमत्कारिक अडचण आहे. तीर्थ, क्षेत्र, देव, पूजा, आई, बाप, सोयरे, गुरू, असे जे जे म्हणून माणसाला प्रिय ते ते मांडायचे आणि प्रत्येकापुढे एकच नाव ठेवायचे, हा ह्या रचनेचा सारा व्यवहार. कागदावर वाचताना ती भावंडांच्या वारसनोंदीसारखी दिसते, आणि बेताच्या संगीतकाराच्या हाती पडली तर ऐकतानाही तशीच वाटेल. फाटकांनी, निदान माझ्या कानाला असे वाटते, हे नाव दर वेळी निराळ्या स्वराच्या घरी नेऊन बसविले आहे. अहीर भैरवाचे पूर्वांग भैरवाचे, म्हणून तेथे कोमल ऋषभाची कातरता आहे, आणि उत्तरांग काफीचे, म्हणून तेथे कोमल निषादाचा सैल, घरगुती मोकळेपणा आहे. एकाच रागात देवघर आणि ओसरी अशी दोन्ही दालने लाभल्यावर विठ्ठलाला कधी येथे, कधी तेथे फिरविण्याची पुरेपूर मुभा फाटकांनी घेतली आहे. परिणामी नाव तेच राहते आणि ओळख मात्र दर वेळी नव्याने होते.

आणि मग तो गळा! भीमसेनजींचा जन्म १९२२ सालचा, गदगचा. मायबोली कानडी, गुरू सवाई गंधर्व, घराणे किराणा. एका ख्यालावर तास खर्ची घालणाऱ्या ह्या गवयाने अभंगाच्या थोड्याशा अवकाशात स्वतःला कोंडून घ्यावे, हे मला आरंभी अनुचित वाटत असे. पुढे ध्यानात आले की त्यांनी कोंडून घेतलेले नाही. त्यांनी तान आखडली नाही, तिचा मुक्कामच बदलला. ख्यालात तान समेकडे धावते, येथे ती नामाकडे धावते, आणि टाळाचा ठोका पडण्यापूर्वी श्वासभर थांबते. त्यांच्या संतवाणीच्या मैफलींतून माउली टाकळकरांच्या टाळाची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना ह्या थांबण्याचे मोल सांगावयास नको. हेच गृहस्थ कानडी दासवाणी गाताना पुरंदरदासांना आळवीत, आणि पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी असल्यामुळे मुलूख बदलला, भाषा बदलली, तरी दैवत जागचे हलले नाही. मराठी उच्चारात त्यांचा कानडी वळसा कोठे कोठे डोकावतो आणि काही शुद्धिप्रिय मंडळींना तो खटकतो. मला तो आवडतो. पंढरीच्या वाटेवर सर्वच जण सदाशिव पेठेतून आलेले असावेत असा शिरस्ता कोणी घालून दिलेला नाही.

येथे माझ्या स्वतःच्या श्रवणाविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण तबकडी म्हणताना मी वस्तुतः कॅसेटीविषयी बोलत आहे. आमच्या बाजूला फोनो असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी; पुढे टेपरेकॉर्डर आले तेव्हा नांदेडच्या एका दुकानी रिकामी कॅसेट द्यावी, तबकडीचे नाव सांगावे, आणि पुढच्या बाजारहाटाला भरलेली कॅसेट घेऊन यावे, अशी वहिवाट पडली. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका अंगाला तीस मिनिटे मावतात, आणि तबकडीची बाजू वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. उरलेली फीत कोरी ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाचा तोटा करणे, अशी त्या दुकानदाराची प्रामाणिक समजूत असल्याने त्याने अभंगांच्या शेपटाला इस्माईल आझाद कव्वालांची १९५८ सालच्या ‘अल हिलाल’ चित्रपटातली ती सुप्रसिद्ध कव्वाली जोडून दिली. ती मी इतक्या वेळा त्याच क्रमाने ऐकली आहे की, आज मूळ तबकडी लावली आणि बाजू संपली, की कान आपोआप टाळ्यांची वाट पाहू लागतात. तबकडी ऐकणे म्हणजे नुसती गाणी नव्हेत, गाण्यांचा क्रम ऐकणे, हे तत्त्व मी ह्या लेखमालेत अनेकदा मांडले आहे. तो क्रम एखाद्या दुकानदाराने ठरविला तरी तत्त्वाला बाध येत नाही. आणि निजामाच्या अमदानीतून १९४८ साली बाहेर पडलेल्या मुलखात अभंगामागून कव्वाली यावी ह्यात, विचार केला तर, विपरीत असे काय आहे?

आता पृच्छेच्या गाभ्याकडे. आमच्याकडील सप्ताहात भजनाला उभे राहिलेले टाळकरी पाहा. समोरासमोर दोन रांगा, मध्ये वीणेकरी, कडेला पखवाज; एकाने चरण म्हणावा, बाकीच्यांनी ध्रुपद झेलावे, आणि ते ध्रुपद दुगुणीत जाऊन पायांनी पावली धरेपर्यंत पुढच्या चरणाकडे कोणी वळू नये. तेथे गाणारा एक नाही, ऐकणारा तर कोणीच नाही, आणि अभंग किती वेळ चालावा ह्याला मुदत नाही. पारंपरिक वारकरी चाल तीन-चार स्वरांच्या आतबाहेर फिरते, कारण ती शंभर गळ्यांना एकदम पेलायची असते. तबकडीने ह्या तिन्ही गोष्टी उलट्या केल्या : गाणारा एक, ऐकणारे असंख्य, आणि वेळ नेमलेली. चाल दीड सप्तकावर पसरली आणि म्हणणाऱ्याच्या मालकीची झाली. ह्याला मी ऱ्हास म्हणत नाही. फाटकांनी आणि खळ्यांनी अभंगाला मंदिराबाहेरच्या, टाळ हाती न धरणाऱ्या माणसापर्यंत नेले. लताबाईंच्या कंठातून खळ्यांचे तुकोबा ज्याने ऐकले त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

परंतु तबकडी गेली तशी परतही आली. मंदिरावरच्या भोंग्यातून वर्षानुवर्षे पहाटे तीच अभंगवाणी लागत राहिली, आणि आता नरसीच्या वाटेवरच्या दिंडीतही तरुण बुवा फाटकांची चाल धरतात. चाल धरतात येथवर ठीक. पण तिच्याबरोबर पंडितजींची तानही धरू पाहतात, आणि मग रांगेतले टाळकरी टाळ उरापाशी धरून स्तब्ध उभे राहतात, कारण त्या तानेत झेलण्याजोगे ध्रुपदच उरत नाही. माझी तक्रार असेल तर एवढीच. शंभर माणसे गात होती ती ऐकू लागली.

लोक चालीवरून संत ओळखू लागले, ह्याचा पुरावाही देतो. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटात विष्णुपंत पागनिसांनी गायिलेले ‘आधी बीज एकले’ तुकोबांचे नसून शांताराम आठवल्यांचे आहे, तरी ते गाथेत धुंडाळणारे विद्वान निघाले अशी आख्यायिका आहे. भीमसेनजींच्याच आवाजातले ‘इंद्रायणी काठी’ हे पु. ल. देशपांड्यांच्या ‘गुळाचा गणपती’साठी माडगूळकरांनी १९५३ साली लिहिले; आमच्या पंचक्रोशीतल्या भजनांत ते आजही संतवचन म्हणूनच रुजू आहे आणि त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला भासत नाही. म्हणजे चालीत भक्ती असली की शब्दांना सनद आपोआप मिळते. गदिमांच्या लेखणीचा हा गौरवच होय, आणि रामायणाकडे वळू तेव्हा हा धागा पुन्हा हाती घ्यावा लागेल.

मात्र ‘स्वर कोठेच नाहीत’ असे जे मी वर लिहिले ते मराठी गाथेपुरते खरे आहे, आणि कळमनुरीच्या वाचकांना मला द्यावयाचे खरे उत्तर येथे आहे. आमचे गाव बाळापूर हिंगोली-नांदेड रस्त्यावर आहे. हिंगोलीकडे गेले की पुढे नरसी, आणि उलट दिशेने गेले की नांदेड, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि जेथे हुजूर साहिबात नामदेवांची वाणी आजही रागी जथ्यांच्या मुखातून ऐकावयास मिळते. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली जो आदिग्रंथ सिद्ध केला त्यात भगत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, आणि तो ग्रंथच मुळी रागवार लावलेला असल्याने प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग लिहिलेला आहे : आसा, सोरठ, धनासरी, गोंड, भैरउ, बसंत, सारंग, मल्हार. ज्या नाम्याला त्याच्या मायभाषेने रागाशिवाय जपले, त्याला पंजाबने रागासकट जपले.

त्यातले भैरउमधले एक पद तर थेट आमच्या दारचे आहे. नामा देवळात भजन करीत असता त्याला जातीवरून हाताला धरून उठविले, तो मागच्या बाजूस जाऊन बसला, आणि देऊळ त्याच्याकडे फिरले. औंढ्या नागनाथाच्या देवळाविषयी आम्ही लहानपणापासून जी कथा ऐकतो, तिचेच हे पद आहे, आणि मल्हारातल्या दुसऱ्या एका पदातही तिचा उल्लेख येतो. औंढा नागनाथ येथून फारसे दूर नाही. पद मात्र मी प्रथम ऐकले ते नांदेडात, हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीत, आणि त्यातला ‘देहुरा’ कानी पडताच आपण कोणत्या गावी बसलो आहोत ह्याचे भान काही काळ सुटले. भैरउ म्हणजे अहीर भैरव नव्हे, आणि फाटकांनी आपला राग ग्रंथ पाहून निवडला असे सुचविण्याचा माझा इरादा नाही. ग्रंथातले राग तरी स्वतः नाम्याच्या कंठातले असतील असे कोणी प्रतिज्ञेवर सांगू शकणार नाही, कारण नामा आणि ग्रंथ ह्यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. परंतु चालीचा सर्वांत जुना लेखी दस्तऐवज मागाल तर तो पुण्याच्या तबकडीत नाही आणि पंढरपुरातही नाही; तो आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सोन्याच्या घुमटाखाली आहे.

कळमनुरीच्या वाचकांना माझी अशी सूचना आहे की त्यांनी अभंगवाणी आणि नांदेडचा भैरउ एकाच सकाळी लागोपाठ ऐकावा, मध्ये चहा घेऊ नये, आणि काय वाटले ते पोस्टकार्डाऐवजी आंतर्देशीय पत्रावर लिहून कळवावे. मल्हारातल्या त्या दुसऱ्या पदाचे चांगले ध्वनिमुद्रण कोणा वाचकांच्या संग्रही असल्यास त्याची नक्कल मला हवी आहे. मोबदल्यात ‘अल हिलाल’च्या शेपटासकट माझी कॅसेट उसनी देण्याची तयारी आहे. ती परत मिळाली पाहिजे, ही अट. गीतरामायण पुढील आठवड्यात.