मोगऱ्याची छाटणी

मोगऱ्याचे झुडूप पुष्कळ अंगणांत आढळते. परंतु फुलांनी लहडलेले झुडूप मात्र क्वचितच दृष्टीस पडते. एरवी ते हिरवेगार असते, पुरुषभर उंच वाढलेले असते; पण चैत्र-वैशाख उलटले तरी त्यावर चार-दोन कळ्यांपलीकडे काही दिसत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "आमच्या जमिनीला मोगरा मानवत नाही." बहुधा दोष जमिनीचा नसतो. त्या झुडपाला वर्षानुवर्षे कोणी कात्री लावलेली नसते, एवढेच.

कात्रीचा आणि फुलांचा संबंध काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर मोगऱ्याची एक फांदी निरखून पाहा. पाने समोरासमोर, जोडीजोडीने आलेली दिसतील. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक बारीक उंचवटा असतो. त्याला माळी 'डोळा' म्हणतात. हा डोळा निजलेला असतो. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते व ते खाली खाली उतरत राहते. जोवर ते उतरत आहे, तोवर खालच्या डोळ्यांना फुटण्यास वाव मिळत नाही आणि सारी वाढ शेंड्याकडेच होत राहते. शेंडा छाटला, की हा अंमल संपतो आणि कापाखालचे दोन्ही डोळे जागे होतात. एका फांदीच्या दोन फांद्या होतात.

आता दुसरी गोष्ट ध्यानात घ्या. मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही. ती नव्या फुटव्याच्या टोकाला येते, आणि बहुधा तीन-तीनांच्या झुबक्याने येते. त्यांतील मधली कळी आधी उमलते. म्हणजे हिशेब सोपा आहे. न छाटलेल्या फांदीला ३ कळ्या; छाटून दोन फुटवे निघाले तर ६; तेही फुलून गेल्यावर खुडले आणि चार फुटवे निघाले तर १२. वनस्पती काही इतक्या काटेकोरपणे गणित सोडवीत नाहीत हे खरे. तरी बहर वाढतो तो याच रीतीने.

मात्र सर्वच झुडपांना एकाच वेळी कात्री लावून चालत नाही. हिमालयाच्या उतारांवर व्हायबर्नम ग्रँडिफ्लोरम नावाचे झुडूप वाढते. हिवाळा सरत येताच, पाने फुटण्यापूर्वी, त्याच्या उघड्या फांद्यांवर गुलाबीसर सुगंधी फुलांचे गुच्छ येतात. या फुलांच्या कळ्या आधीच्या हंगामातच जुन्या फांद्यांवर धरलेल्या असतात. मोगऱ्याप्रमाणे त्याचीही छाटणी ऐन थंडीत केली, तर कात्री फुलेच कापून टाकील. म्हणून त्याची छाटणी फुले सरल्यावर लगेच करतात. कळी जुन्या फांदीवर येते की नव्या, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कात्री हाती न धरलेलीच बरी.

मोगऱ्याची वेळ आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची. तत्पूर्वी काही दिवस झुडपाचे पाणी तोडावे. याला 'ताण देणे' म्हणतात. पाणी तुटले की वाढ थांबते, काही पाने पिवळी पडून गळतात आणि झुडूप विसावा घेते. नंतर धारदार कात्रीने वाळलेल्या व रोगट फांद्या मुळातून काढाव्यात आणि उरलेले झुडूप जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंचीवर छाटावे. भोवतालची माती खुरपून, आळे करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि भरपूर पाणी द्यावे.

छाटलेला मोगरा मोठा केविलवाणा दिसतो. शाळेच्या बागेत हे काम चाले तेव्हा दरवर्षी कोणी ना कोणी मुलगी माळीबुवांशी भांडावयास येई, आणि मला तिचे मन मोडवत नसे. पण तीन आठवड्यांत त्याच खुंटांवर तांबूस-हिरवे कोंब दिसू लागत व मार्च महिन्यात कळ्या धरत.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगडच्या डोंगराळ भागात अनेक आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात. त्यांच्या कळ्या मुंबईला दादरच्या फुलबाजारात जातात. त्यांच्या दृष्टीने छाटणी साधली की चुकली, हा घरखर्चाचा प्रश्न असतो.

मोगऱ्याला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. सावलीत तो नुसता पानाळतो. पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. चुनखडीच्या जमिनीत पुष्कळदा पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी मातीतील लोह मुळांना मिळत नाही असे समजावे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून मोठ्यांच्या देखरेखीखाली पानांवर फवारावे. कळ्या जांभळट होऊन भोक पडलेल्या दिसल्या तर आत अळी आहे. त्या वेचून नष्ट कराव्यात.

कळ्या खुडावयाच्या त्या पूर्ण भरलेल्या, पण मिटलेल्या. मोगऱ्याचा खरा गंध कळी उमलताना निर्माण होतो, आणि झाडावरून तोडल्यानंतरही हे काम थांबत नाही. सकाळी ओंजळीत घेतलेल्या कळ्यांना फारसा वास येत नाही. रात्री त्याच कळ्यांनी घर भरून जाते. चीनमधील फूचौ येथील लोकांनी या गुणाचा मोठा चतुर उपयोग केला आहे. दिवसा खुडलेल्या कळ्या ते रात्री चहाच्या पानांत मिसळतात. कळ्या उमलतात, चहा सुगंध शोषून घेतो, आणि सकाळी फुले चाळून काढतात. ताजी फुले घेऊन असे अनेक वेळा करतात. फिलिपिन्स देशाने तर १९३४ साली मोगऱ्यालाच आपले राष्ट्रीय फूल ठरविले.

बटमोगऱ्यासारख्या दाट पाकळ्यांच्या जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे बी क्वचितच धरते. अशा मोगऱ्याचे नवे रोप दाब कलमाने करावे. पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगतची एक लवचीक फांदी निवडावी, डोळ्याखालची साल थोडी खरवडावी, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर मोकळा राहू द्यावा. माती ओलसर राखली तर सुमारे तीन महिन्यांत मुळे फुटतात. दगड उचलून फांदी हलकेच ओढून पाहावी. ती माती सोडीत नसेल, तर मूळ झाडाच्या बाजूने कापून घेऊन शेजाऱ्यांच्या अंगणात लावावयास हरकत नाही.