वनशास्त्राची पदवी : बोरीहून दापोली की अकोला?

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. त्यातल्या जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकच्या पोरांना जंगल बघायला लांब जावं लागत नाही. बिबट्या उसातच असतो. ऊसतोडीत बछडी सापडली, की वनकर्मचारी ती क्रेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच फडात नेऊन ठेवतात आणि मादीची वाट पाहतात. हे पाहिलेल्या मुलामुलींना ‘फॉरेस्ट’मध्ये जावंसं वाटलं तर नवल नाही.

बारावी विज्ञाननंतर बी.एस्सी. (वनशास्त्र) ही चार वर्षांची पदवी. राज्यात त्यासाठी कृषी विद्यापीठांची महाविद्यालयं दापोली आणि अकोला इथे आहेत, प्रवेश सीईटीतून. निवडताना हवामानही बघा. दापोलीला कोकणचा पाऊस, काजू-बांबू. अकोल्याला विदर्भाचं कोरडं, सागाचं रान. वन्यजीव हा अभ्यासक्रमाचा एक भाग. बाकी रोपवाटिका, वनसंवर्धन, लाकूड, मृदा आणि कृषिवनशेती. नुसत्या बिबट्यासाठी जाणाऱ्याचा पहिल्याच वर्षी हिरमोड होतो.

आणि एक गैरसमज. वनक्षेत्रपाल व्हायला वनशास्त्राचीच पदवी लागते असं नाही. एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेला विज्ञान, कृषी, अभियांत्रिकीचे पदवीधरही बसतात. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेचंही तसंच. वनरक्षक भरतीला तर बारावी पुरते. म्हणजे पदवी घेतली की नोकरी ठरलेली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची सीईटीची माहितीपुस्तिका आणि एमपीएससीची जाहिरात स्वतः वाचा.